एकोणीस प्लगिनची वही

मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीवर आमच्या महाविद्यालयाने एकोणीस प्लगिन, म्हणजे प्रणालीला जोडायचे सुटे भाग, बाहेरून आणून बसवलेली होती, आणि त्यांपैकी सात प्लगिन कोणी, कधी आणि कोणासाठी बसवली, हे सांगू शकेल असे कोणीही विभागात उरले नव्हते. ही मोजदाद मी केली ती २०२३ च्या उन्हाळ्यातील एका फसलेल्या अपग्रेडनंतर. आधी केली असती, तर ती रात्र आणि त्यापुढचे दोन दिवस वाचले असते. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात दोनशे पानांची एक वही आहे आणि तिच्यात प्रत्येक प्लगिनला एक पान दिलेले आहे. त्या वहीविषयी आणि तिच्यातील नोंदींमागच्या माणसांविषयी मला लिहायचे आहे, कारण ऑनलाइन वर्ग सांभाळणाऱ्या अनेक शिक्षकांना अपग्रेड म्हणजे मुख्य प्रणाली वरच्या आवृत्तीवर नेणे एवढेच काम वाटते. माझा अनुभव असा आहे की मुख्य प्रणाली बहुधा निमूटपणे वर चढते आणि गाडे अडते ते प्लगिनपाशी.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जूनमध्ये नवे वर्ष ऑनलाइन सुरू करण्याचे ठरले, तेव्हा संगणकाशी थोडीफार ओळख असलेली शिक्षिका म्हणून मूडल उभे करण्याचे काम माझ्याकडे आले. मूडलची ३.९ ही आवृत्ती त्याच महिन्यात आली होती. तीच आम्ही बसवली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डुगियामस यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये बाहेर पडली, आणि तिच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षर ‘मॉड्युलर’ या शब्दाचे आहे, म्हणजे सुट्या भागांची. गाभा सर्वांचा एकच, परंतु हजेरी, प्रमाणपत्र, प्रश्नावली, रंगरूप असे हवे ते भाग जगात कोणीही लिहावेत आणि कोणीही बसवावेत, अशी तिची मूळ रचनाच आहे. हा मोकळेपणा मला आजही मोलाचा वाटतो. महागड्या परवान्याची प्रणाली घेणे आमच्यासारख्या संस्थेला परवडलेच नसते.

त्या वर्षी ज्याने जे मागितले ते मी बसवत गेले. वाणिज्य विभागाला हजेरी हवी होती, ग्रंथालयाला अभिप्रायाची प्रश्नावली हवी होती, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना शिबिराची प्रमाणपत्रे हवी होती. प्राचार्यांना मुखपृष्ठावर महाविद्यालयाचे रंग हवे होते, म्हणून एक निराळी थीमही आली. माझ्या जोडीला प्रशासकाचा पासवर्ड आणखी तिघांकडे होता आणि त्यांनीही आपापल्या गरजेनुसार भर घातली. मुले घरी अडकलेली असताना कोणी एखादी सोय मागितली, तर तिला नाही म्हणण्याची ती वेळ नव्हती.

पुढचे समजण्यासाठी प्लगिन म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहायला हवे. सर्व्हरवर ते एक फोल्डर असते आणि ते आपल्या प्रकाराच्या घरातच ठेवावे लागते: कृतींची प्लगिन ‘मॉड’मध्ये, रंगरूपाची ‘थीम’मध्ये, मजकूर गाळून दाखवणारी ‘फिल्टर’मध्ये. फोल्डरमध्ये ‘व्हर्जन’ नावाची एक छोटी फाइल असते आणि प्लगिनची सगळी कुंडली तिच्यात मांडलेली असते. तिच्यातील दहा आकडी क्रमांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ‘रिक्वायर्स’ या ओळीत ते प्लगिन गाभ्याच्या कोणत्या क्रमांकापासून पुढे चालते, ते लिहिलेले असते. तेथे २०२२११२८०० दिसले, तर मूडल ४.१ हवे असे समजावे, कारण ती आवृत्ती २८ नोव्हेंबर २०२२ ची आहे. काही लेखक ‘सपोर्टेड’ या ओळीत कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत आपण हमी देतो, तेही लिहितात, आणि प्लगिन कच्चे आहे की पक्के, याचाही निर्वाळा देतात. ही फाइल उघडून वाचायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मी पहिली तीन वर्षे कधी दिली नव्हती.

फोल्डर हा झाला प्लगिनचा एक अर्धा भाग. दुसरा अर्धा डेटाबेसमध्ये असतो आणि तो सर्वांचा सारखा नसतो. हजेरीचे प्लगिन स्वतःचे तक्ते तयार करते. कोणत्या दिवशी कोणता विद्यार्थी हजर होता, ही प्रत्येक नोंद त्या तक्त्यांत राहते. थीमचे डेटाबेसमध्ये रंग आणि बोधचिन्ह यांच्या सेटिंगपलीकडे फारसे काही नसते. फिल्टरचे तर आणखी निराळे: त्याला हाताळायचा मजकूर धड्यांच्या आणि प्रश्नांच्या तक्त्यांत असतो, त्याच्या स्वतःच्या घरात नसतो. हा फरक मला त्या रात्री समजला.

सत्र संपायला तीन आठवडे उरले होते. ३.९ ची सुरक्षा दुरुस्ती त्या वर्षाअखेर थांबणार होती, म्हणून ४.१ वर जायचे ठरले. मार्गदर्शनात सांगितल्याप्रमाणे मी जुन्या कोडच्या फोल्डरचे नाव बदलून ते बाजूला ठेवले, नवा कोड रिकाम्या जागी उतरवला, साइटच्या मूळ सेटिंगची जुनी ‘कॉन्फिग’ फाइल आणून ठेवली आणि एकेका प्लगिनची नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागले. जुन्या फोल्डरवरच नवा कोड पसरवण्याची चूक अनेक जण करतात. त्यामुळे दोन आवृत्त्यांच्या फायली एकमेकींत मिसळतात. ती चूक माझ्याकडून झाली नाही. झाली ती दुसरी.

हजेरीचे प्लगिन मी गिटहबवरून, म्हणजे प्रोग्रामांचा कोड जेथे ठेवलेला असतो त्या संकेतस्थळावरून, झिप स्वरूपात घेतले होते. अशी झिप उघडली की फोल्डरचे नाव लांबलचक निघते: पुढे ‘मूडल’, मग प्रकार, मग प्लगिनचे नाव, मग शाखेचे नाव, आणि मधे आडव्या रेघा. मूडलला मात्र ‘मॉड’च्या आत केवळ ‘अटेंडन्स’ एवढेच नाव हवे असते. आडवी रेघ असलेले नाव ते प्लगिन म्हणून ओळखतच नाही आणि तक्रार न करता पुढे जाते. मी ते नाव बदलायला विसरले. त्यामुळे अपग्रेडपूर्वीच्या तपासणीच्या पानावर हजेरीसमोर लाल अक्षरांत ‘मिसिंग फ्रॉम डिस्क’ असे आले. आणखी दोन नावांसमोरही तेच होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला वाटले, नवीन फोल्डर तर मी आत्ताच ठेवले आहे, म्हणजे ही लाल ओळ जुन्या नोंदीचा उरलेला कचरा असणार. प्लगिनच्या यादीत त्याच नावाच्या ओळीच्या शेवटी ‘अनइन्स्टॉल’चा दुवा होता. त्यावर टिचकी मारल्यावर मूडलने रीतसर विचारले की या प्लगिनशी निगडित सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचे का. मी होय म्हटले.

‘डिस्कवर नाही’ याचा अर्थ एवढाच असतो की फोल्डर जागेवर नाही. डेटाबेसमधील तक्ते जसेच्या तसे शाबूत असतात आणि योग्य नावाचे फोल्डर परत ठेवले की सारे पूर्ववत होते. ‘अनइन्स्टॉल’ त्या तक्त्यांसकट सगळे पुसते, आणि अभ्यासक्रमांच्या पानांवरून त्या कृतीही काढून टाकते. या दोन गोष्टी एकाच ओळीत शेजारी-शेजारी दिसतात, आणि माझ्या मते प्लगिन सांभाळणाऱ्या माणसाला सर्वप्रथम शिकवायचे असेल तर ते त्या दोन शब्दांमधले अंतर.

संध्याकाळी घेतलेल्या बॅकअपकडे वळले, तर डिस्क भरल्यामुळे ती फाइल मधेच तुटलेली होती. तिचा आकार मी तपासला नव्हता. त्याआधीचा बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा होता. तो उतरवून, हजेरीच्या फोल्डरचे नाव सुधारून, अपग्रेड पुन्हा पहिल्यापासून चालवले तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मूडलला खालच्या आवृत्तीवर उतरता येत नाही. मागे जायचे तर बॅकअप हाच एक रस्ता, आणि तो रस्ता दोन दिवस आखूड पडला होता. त्या दोन दिवसांची हजेरी गेली. ७५ टक्क्यांच्या काठावर असलेल्या मुलांच्या दृष्टीने दोन दिवस ही लहान गोष्ट नव्हे.

सकाळी मी वाणिज्य विभागातील ज्येष्ठ सरांकडे जाऊन सगळे सांगितले. त्यांनी कपाटातून कागदी मस्टर काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “असू द्या की मॅडम. मी कागदावर लिहायचं कधी सोडलंच नाही.” बाकीच्या विभागांत मात्र मस्टर नव्हते. तेथे शिक्षकांनी आठवून, मुलांना विचारून नोंदी भरल्या, आणि त्या भरताना एकाही शिक्षकाने मला बोल लावला नाही, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

त्याच दिवशी दुपारी शहराच्या पूर्व भागातून येणारी एक विद्यार्थिनी मोबाइल घेऊन आली. “मॅडम, हे कंसात काय आलंय? वाचायलाच येत नाही.” माझ्याच विषयाचे पान होते ते. आमच्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा घरी बोलणारी मुले असतात. सोलापूरच्या कोणत्याही वर्गात असतात. पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या, घरांतून आलेली मुले मराठी उत्तम बोलतात, पण नवी संकल्पना प्रथम कानावर पडताना घरातील शब्द सोबत असला तर चेहरा निराळा दिसतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून टाळेबंदीत मी पारिभाषिक शब्दांची एक सूची केली होती: मराठीत सरासरी, कन्नडमध्येही सरासरी, तेलुगूत सगटु, मराठीत मध्यक, कन्नडमध्ये मध्यांक, तेलुगूत मध्यगतम्. कन्नड आणि तेलुगू शब्द मुलांच्या पालकांना फोनवर विचारून पक्के केले होते. प्रत्येक मुलाला त्याने निवडलेल्या भाषेतीलच मजकूर दिसावा, यासाठी ‘मल्टिलँग’ प्रकारच्या फिल्टरची दुसरी आवृत्ती बसवली होती. त्यात महिरपी कंसांत ‘एमलँग’ असे लिहून पुढे भाषेचा दोन अक्षरी संकेत द्यायचा, मग त्या भाषेतील मजकूर लिहायचा आणि तसाच कंस करून तो बंद करायचा असतो. फिल्टर चालू असताना हे कंस कोणालाही दिसत नाहीत. रात्रीच्या लाल ओळींपैकी दुसरी ओळ या फिल्टरची होती. पहिल्या फेरीत झालेल्या अनर्थामुळे दुसऱ्या फेरीत मी त्या ओळीला हात लावला नव्हता, पण तिचे फोल्डर आणून ठेवायचेही राहिले होते. आता त्या मुलीच्या पडद्यावर तिन्ही भाषा, सगळे संकेत आणि सगळे कंस एकाच ओळीत गर्दी करून उभे होते.

फोल्डर जागेवर ठेवायला दहा मिनिटे लागली आणि पान पूर्वीसारखे झाले. मजकूर कुठेच गेला नव्हता. त्याला गाळणारा तेवढा गैरहजर होता. मुलीने पान पुन्हा उघडले, ‘सगटु’ शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाली, “हां, आलं.” माझ्या हाताने गेलेली हजेरी आणि दहा मिनिटांत परतलेला हा शब्द, या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात घडल्यामुळे वहीच्या पानावर ‘माहिती कुठे राहते’ हा रकाना सर्वांत वर आला.

प्रत्येक प्लगिनची अनुपस्थितीही निराळी दिसते, हे मला नंतर एकेक करून पाहता आले. थीम नसेल तर मूडल तक्रार न करता आपल्या मूळ ‘बूस्ट’ थीमवर येते. रंग जातात, काम चालते. प्रश्नप्रकार नसेल तर प्रश्नाच्या जागी ‘हा प्रकार उपलब्ध नाही’ अशा अर्थाची सूचना येते. कृतीचे प्लगिन नसेल तर अभ्यासक्रमाच्या पानावरून ती कृती नाहीशी होते आणि तिच्या जागी काहीच दिसत नाही. ना रिकामी चौकट, ना सूचना. मला सर्वांत जास्त भीती या शेवटच्या प्रकाराची वाटते, कारण जे दिसतच नाही त्याची तक्रार करायला कोणी येत नाही.

वही भरताना मी आधी स्मरणावर विसंबून यादी केली, ती बारा नावांची झाली. मग प्रशासकाच्या विभागातील प्लगिनच्या पानावर ‘अतिरिक्त प्लगिन’ एवढीच दाखवणारा टॅब उघडला आणि तेथे एकोणीस निघाली. उरलेल्या सातांसाठी मी खरोखर दारोदार फिरले. कृतींच्या व्यवस्थापनाच्या पानावर प्रत्येक प्रकाराच्या किती कृती वापरात आहेत, तो आकडा मिळतो. त्यावरून कोणते अभ्यासक्रम गुंतलेले आहेत ते कळते आणि अभ्यासक्रमावरून माणूस सापडतो. दोन प्लगिन अशी निघाली की ती एकदाही वापरली गेली नव्हती. एक बसवणारे सर निवृत्त होऊन अक्कलकोटला राहायला गेले होते. त्यांना फोन केला तेव्हा प्लगिनचे नावही त्यांना आठवेना, पण ते कोणत्या कामासाठी आणले होते, ते त्यांनी अर्धा तास सांगितले.

प्रमाणपत्रांच्या प्लगिनबाबत माझा अंदाज साफ चुकला. शिबिरे पुन्हा प्रत्यक्ष होऊ लागली होती, प्रमाणपत्रे कागदावर मिळत होती, त्यामुळे हे प्लगिन काढता येईल असे मला वाटत होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी मला थांबवले. त्या प्रमाणपत्रांवर एक संकेतांक आणि क्यूआर कोड छापलेला आहे आणि तो कोणी स्कॅन केला की आमच्या मूडलवरील पडताळणीचे पान उघडते. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात नोकरीसाठी गेली, तेव्हा तेथील लोकांनी तो कोड तपासला होता. प्लगिन काढले असते तर तिच्या हातातील कागद एका रात्रीत बिनपुराव्याचा झाला असता, आणि ते तिला कळलेही नसते. ज्यांना आपण आता शिकवत नाही, त्यांचेही देणे या सर्व्हरवर आहे, ही जाणीव मला त्या दिवशी झाली. वहीत ‘वापरणारे’ या रकान्याखाली मी ‘महाविद्यालयाबाहेरील’ अशी वेगळी ओळ आखली.

आणखी एक प्रकरण अवघड होते. आमच्या एका सहकारी मॅडमनी स्वतः क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या आज्ञा, लिहून अहवाल तयार करण्याचे प्लगिन वापरून, कोणत्या घटकावरील प्रश्न मुलांना जास्त चुकतात, याचे सुंदर अहवाल केले होते. ४.१ वर गेल्यावर ते प्लगिन हिरव्या अक्षरांत ‘अद्ययावत’ दिसत होते, पण अहवाल उघडेनात. कारण मूडल ४.० ने प्रश्नपेढीची रचनाच बदलली होती. पूर्वी प्रश्न कोणत्या वर्गवारीतला, हे प्रश्नाच्या तक्त्यातच लिहिलेले असे, ४.० पासून एका प्रश्नाच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याची सोय आली, म्हणून प्रश्नपेढीतील नोंद आणि प्रश्नाची आवृत्ती यांचे नवे तक्ते आले आणि वर्गवारीचा रकाना जुन्या तक्त्यातून निघून गेला. मॅडमच्या क्वेरी त्या रकान्यावर उभ्या होत्या. त्या प्लगिनच्या कोडमध्ये नव्हत्या, डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवलेल्या होत्या, त्यामुळे प्लगिनच्या नव्या आवृत्तीने त्या सुधारणे शक्यच नव्हते. आम्ही दोघींनी तीन दुपारी बसून त्या नव्याने लिहिल्या. सुधारणा योग्य होती, हे मी म्हणेन. आवृत्त्या आल्यामुळे जुन्या परीक्षेतील प्रश्न नंतरच्या दुरुस्तीने बदलत नाही. पण प्लगिनच्या पानावरील हिरवा रंग हा केवळ क्रमांकांचा मेळ सांगतो. काम होते की नाही, ते काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पुढच्या खेपेला रंगीत तालीम करायची, हे नक्की होते. मूळ साइटची हुबेहूब प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून तिच्यावर अपग्रेड चालवायचे आणि एकेक प्लगिन त्याच्या खऱ्या वापरकर्त्याकडून तपासून घ्यायचे. या तालमीतही एक ठेच लागली. हजेरीच्या प्लगिनची चाचणी म्हणून मी प्रतीवर एका वर्गाला सलग काही तास गैरहजर दाखवले. प्रतीवरील ठरल्या वेळी आपोआप चालणारी नियोजित कामे चालूच होती आणि हजेरी ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली की इशाऱ्याची ई-मेल पाठवण्याची सोय या प्लगिनमध्ये आहे. ई-मेल खऱ्या मुलांना गेल्या. संध्याकाळपर्यंत दोन पालकांचे फोन आले. एक वडील यंत्रमागाची पाळी अर्ध्यावर सोडून आले होते. त्यांची क्षमा मागताना मला फार वाईट वाटले. आता कोणतीही प्रत उभी करताना मी सर्वांत आधी ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘नो-ईमेल-एव्हर’ ही ओळ लिहिते आणि मगच ती साइट पहिल्यांदा उघडते.

मूडल ज्या भाषेत लिहिलेले आहे, त्या पीएचपीच्या आवृत्तीचा विषय थोडक्यात सांगते. ३.९ पीएचपी ७.४ पर्यंत चालते, ४.१ ही ७.४ वरही चालते आणि ८.१ वरही, आणि ४.५ ला किमान ८.१ लागते, शिवाय ४.५ वर जायचे तर आधी किमान ४.१.२ वर असावे लागते. त्यामुळे ४.१ हा आमचा मधला थांबा झाला: जुन्या पीएचपीने तेथवर जायचे, तेथेच पीएचपी बदलायची, प्लगिन तपासायची आणि मग पुढे निघायचे. लाल ओळींपैकी तिसरी, एक जुना ब्लॉक, म्हणजे पानाच्या कडेला दिसणारी चौकट, या थांब्यावर संपला. त्याच्या लेखकाने काही वर्षांत नवी आवृत्ती दिली नव्हती आणि कोडमध्ये ‘ईच’ हे फंक्शन होते, जे पीएचपी ८.० ने काढून टाकले आहे. तो ब्लॉक वापरणारे कोणी उरले नव्हते, म्हणून त्याला निरोप देणे सोपे गेले.

एकोणीसपैकी सहा प्लगिन आम्ही काढली. काढण्याची पद्धत मात्र ठरवून घेतली: आधी ते फक्त बंद करायचे, एक पूर्ण सत्र थांबायचे, कोणी विचारते का ते पाहायचे, माहिती स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्यायची, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायचा, आणि त्यानंतरच ‘अनइन्स्टॉल’. या सहांत महाविद्यालयाच्या रंगांची थीमही होती. ४.० ने पानांची मांडणी इतकी बदलली की ती थीम टिकवणे म्हणजे दर वर्षी नवे काम ओढवून घेणे होते. प्राचार्यांनी बूस्ट थीममध्ये आमचे बोधचिन्ह आणि मुख्य रंग बसवून घेतला आणि विषय संपला.

४.५ ची पाळी जानेवारी २०२५ मध्ये आली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे वर्गात मुले नसतात, अर्धे शहर नंदीध्वजांमागे असते, त्यामुळे साइट दोन दिवस बंद ठेवली तरी कोणाचे अडत नाही. आमचे प्रयोगशाळा सहायक दर वर्षी पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालतात. शहरातील अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी ते सर्व्हरची बॅटरी पाहायला आले, वहीवर नजर टाकून त्यांनी विचारले, “किती राहिली, मॅडम?” मी म्हटले, “तेरापैकी चार.” ते म्हणाले, “करा सावकाश. अडुसष्ट लिंगांतलं एक जरी चुकलं तरी आम्ही परत फिरतो.” उरलेली चार प्लगिन मी खरोखर सावकाश केली. प्रत्येकाचे फोल्डरचे नाव मोठ्याने वाचले, त्यातील ‘व्हर्जन’ फाइल उघडून ‘रिक्वायर्स’ची ओळ पाहिली, वहीत खूण केली. बॅकअपचा आकार पाहिला आणि तो दुसऱ्या यंत्रावर उतरवूनही पाहिला. मग साइट देखभालीच्या स्थितीत टाकून अपग्रेडची आज्ञा चालवली. तपासणीच्या पानावर एकही लाल ओळ नव्हती. होम मैदानावरील दारूकाम सुरू झाले तेव्हा मी सूचीचे पान तिन्ही भाषांत उघडून पाहत होते.

४.५ ला सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, तेवढी उसंत मिळाली. पण वहीत एक नवे पान आधीच उघडावे लागले आहे, आणि ते बाहेरून आणलेल्या प्लगिनचे नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या मूडल ५.० ने गाभ्यातीलच काही भाग वेगळे काढले: जुना अ‍ॅटो संपादक, सर्वेक्षण आणि चॅट. ज्यांना चॅट हवे असेल, त्यांनी ते आता इतर प्लगिनप्रमाणे बाहेरून आणायचे. अपग्रेड चालवताना त्याचे फोल्डर जागेवर नसेल, तर गाभा स्वतःच ते काढून टाकतो, तक्त्यांसकट. लाल ओळही उरत नाही आणि प्रश्नही विचारला जात नाही.

चॅट आता कोणी वापरत नाही, हे मला ठाऊक होते. तरी सवयीने व्यवस्थापनाच्या पानावर आकडा पाहिला. तीन कृती होत्या, तिन्ही २०२० मधल्या, त्यांतली एक माझ्याच वर्गाची. उघडून पाहिली. प्रमाण विचलनाचा तास होता. सुरुवातीला मुलांनी हजर, हजर असे लिहिले आहे. मग एकाने विचारले आहे की वर्ग आणि वर्गमूळ दोन्ही का घ्यायचे. मी उत्तर दिले आहे. मग कोणीतरी मधेच लिहिले आहे, “मॅडम, आज आमचा माग सुरू झाला, आवाज येतोय म्हणून माइक बंद ठेवलाय.” त्याखाली सोळा जणांनी एकामागून एक ‘अभिनंदन’ लिहिले आहे, काहींनी तेलुगूत. तो तास त्या दिवशी पुढे सरकलाच नाही.

वहीतील त्या पानावर ‘कोणी मागितले’ या रकान्यात मी माझे नाव लिहिले आहे. ‘माहिती कुठे राहते’ येथे तक्त्यांची नावे लिहिली आहेत. ‘काढायचे की ठेवायचे’ हा रकाना अजून रिकामा आहे; त्या वर्गातील मुलांचे क्रमांक शोधते आहे, त्यांना विचारून मग तो भरेन.